आयर्विनला पाणी किती?

सांगलीला गेले की आमच्या गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीत, पहिला प्रश्न ठरलेला: "लंडन ब्रिज बघितलास का गं?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. बघितला. रोज त्याच्यावरूनच ऑफिसला जाते. पण तुमच्या डोळ्यांपुढे जो आहे, दोन मनोऱ्यांचा, मधून उघडणारा, तो टॉवर ब्रिज. लंडन ब्रिज त्याच्या शेजारचा, १९७३ सालचा काँक्रीटचा साधा पूल. फोटो काढावा असं त्यात काही नाही. त्याच्या आधीचा दगडी पूल १९६८ साली एका अमेरिकन उद्योगपतीनं विकत घेतला आणि पार ॲरिझोनात नेऊन उभारला. हे ऐकून आत्यानं कपाळावर हात मारला होता, "पूल पण विकतात होय?"

टॉवर ब्रिजला मात्र मी वर्षभर गेलेच नाही. हाकेच्या अंतरावरचं राहूनच जातं. शेवटी आई-बाबा आले तेव्हा गेलो. नदीकाठच्या बाकावर बसून घरून आणलेली भडंग खात होतो, तेवढ्यात वर गाड्या थांबल्या आणि रस्त्याचे दोन तुकडे उभे राहिले. एक शिडाचं जहाज ऐटीत निघून गेलं. १८९४ मध्ये पूल सुरू झाला तेव्हा हे काम वाफेच्या इंजिनांवर चालायचं, आता विजेवर. पण आधी जहाज, मग मोटारी, हा नियम अजून तोच. आई व्हिडिओ काढत होती. बाबा खाली खांबांकडे बघत होते.

"इथं फुटांच्या खुणा कुठं आहेत?"

सांगलीचा माणूस पुलावर गेला की आधी पाणी बघतो. आमचा कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, पण त्याच्या बांधकामाचं कौतुक कुणी करत बसत नाही. पावसाळ्यात भेटलं की रामरामच्या आधी "आयर्विनला किती?" ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. मग वरच्या कोयना धरणातून किती सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात किती साठलं, हा कट्ट्यावरचा कीस.

मी बाबांना सांगितलं, इथं समुद्राच्या भरतीमुळे थेम्स दिवसातून दोनदा चढते, सात मीटरपर्यंत.

बाबांनी मनातल्या मनात हिशोब केला. "म्हणजे तेवीस फूट. रोज दोनदा. आणि कुणी सामान माळ्यावर टाकत नाही?"

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, ऑफिस सुटल्यावर लंडन ब्रिजवरच बाबांचा फोन लागला. दोघं आत्याकडे विश्रामबागेत सुखरूप होते. गावभागातल्या घराचं काही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"आयर्विनला किती?"

"सत्तावन्नच्या वर गेलं."

पुढं काय बोलावं दोघांनाही सुचेना. खाली ओहोटी लागली होती, काठचा चिखल उघडा पडला होता.

"तिकडं किती आहे गं?" बाबांनीच विचारलं.

"उतरतंय," मी म्हटलं.