ठिकाण सगळ्यांना, नाडी ज्याची त्याला

भूमिगत खाणीतल्या कामगाराचं ठिकाण आणि नाडी कळवणारी यंत्रं आम्ही बनवतो. आमची शेड कुडाळ एमआयडीसीत आहे म्हटलं की नवा ग्राहक हटकून विचारतो, कोकणात भूमिगत खाण कुठली? रेडी, कळणे इथलं लोहखनिज तर वरूनच खणतात. आम्ही या धंद्यात आलो ते समुद्राकडून. मालवण-देवगडच्या ट्रॉलरवरचे वायरलेस संच, जीपीएस दुरुस्त करायचो. खाऱ्या हवेत उघड्या सर्किटवर हिरवा थर चढतो, म्हणून ती रेझिनमध्ये बुजवायला शिकलो. विदर्भातल्या मँगनीज खाणींना सामान पुरवणाऱ्या एका ठेकेदाराला नेमकं हेच हवं होतं: ओल आणि चिखल सोसणारं, कामगाराच्या अंगावरचं यंत्र.

जमिनीखाली जीपीएस पोचत नाही. गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या बोगद्यात, जागोजागी बीकन (रेडिओ लहरींवर चालणारे छोटे खुणेचे संच) बसवायचे आणि कामगाराच्या कमरपट्ट्यावरचा टॅग कुठल्या बीकनजवळ आहे ते केबलवरून वर कळवायचं. वळणापलीकडे लहरी नीट जात नाहीत, म्हणून प्रत्येक फाट्यावर बीकन. मीटरभर अचूकतेचा हट्ट आम्ही धरत नाही. छत कोसळलं तर बचाव पथक विचारतं, कुठल्या लेव्हलला, म्हणजे खोलीच्या कुठल्या टप्प्यावर, किती माणसं? हजेरीचं टोकन माणूस आत आहे एवढंच सांगतं.

नाडीने मात्र छळलं. ड्रिल धरलेला हात थरथरतो, त्यात मनगटावरच्या सेन्सरला काही सुधरत नाही. ‘ह्या घामाचा काय करूचा?’ आमचा कारागीर विचारायचा. शेवटी सेन्सर हेल्मेटच्या आतल्या पट्टीवर, कपाळाशी नेला.

रक्तातला ऑक्सिजनही दाखवा, असं बरेच जण म्हणतात. आम्ही नाही म्हणतो. आगीत कार्बन मोनॉक्साइड होतो, तो हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि दोन रंगांच्या प्रकाशावर चालणारा साधा ऑक्सिमीटर त्यालाही ऑक्सिजनच समजतो. माणूस गुदमरतोय आणि आकडा ९८! वायूसाठी वायूचाच सेन्सर हवा.

कामगारांनी टॅग लगेच लावला, कपाळपट्टीला मात्र नकार. ‘नाडी जोरात पळते म्हणून उद्या घरी बसवाल,’ एक जुना मेट (खाणीतला मुकादम) तोंडावर म्हणाला. त्याचं चुकीचं नव्हतं. आता नाडीची नोंद पट्टीतच राहते आणि पाळी संपली की पुसली जाते. नाडीने मर्यादा ओलांडली की आधी कामगारालाच कंप जाणवतो. त्याने बटण दाबलं नाही तरच वर घंटा वाजते. यापायी एक मोठी ऑर्डर गेली, त्यांना रोजचे सगळे आकडे ऑफिसात हवे होते. गेली तर गेली.

आता कोळसा खाणींसाठी टॅग करतोय. तिथे मिथेन. हवेत तो ५ ते १५ टक्के असला की एक ठिणगी पुरते, म्हणून शॉर्ट सर्किट झालं तरी पेट घेणार नाही इतकीच ऊर्जा सर्किटमध्ये ठेवावी लागते. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता त्यानंतरची गोष्ट. बॅटरी लहान केली की टॅग पाळी संपायच्या आत मान टाकतो, मोठी केली की सुरक्षेचं गणित बिघडतं. सध्या शेडमध्ये रोजचा वाद हाच आहे.