एका दाखल्यासाठी सात महिने : माझा थर्ड ऑर्डरचा अनुभव

१७ नोव्हेंबर २०२४ ला मी सेक्युलर फ्रान्सिस्कन ऑर्डरमध्ये, म्हणजे घरसंसारात राहून संत फ्रान्सिसच्या वाटेने जगणाऱ्या कॅथलिकांच्या संघात, आयुष्यभराचं वचन दिलं. जुनी माणसं याला अजून थर्ड ऑर्डरच म्हणतात. तारीख आधी ४ ऑक्टोबर ठरली होती, संत फ्रान्सिस असिसीकरांच्या सणाची. ती हुकली एका कागदामुळे, बाप्तिस्म्याच्या दाखल्यामुळे. त्या ऑफिसची खिडकी आठवली की आजही डोकं तापतं. म्हणून हे लिहून काढतोय. या वाटेने येणाऱ्या कोणाचे तरी महिने वाचतील.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. दाखला मागताना नुसतं ‘बाप्तिस्म्याचा दाखला’ म्हणू नका. ‘समासातल्या सगळ्या नोंदींसह, नव्याने काढलेला’ असं म्हणा आणि अर्जातही तसंच लिहा. आईने ट्रंकेत जपून ठेवलेला, लॅमिनेशन केलेला जुना दाखला चालत नाही. मी तो घेऊन गेलो होतो. आमच्या संघाच्या ताईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि परत दिला. म्हणाल्या, “दादा, हा घरी जपून ठेवा. आम्हाला नवा लागेल.”

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न बनवतो. फाउंड्रीत ओतकाम करण्याआधी लाकडाचा जो नमुना लागतो, तो. मी हे वचन देणार असं कळल्यावर गाळ्यागाळ्यातून एकच प्रश्न आला, “म्हणजे संन्यास घेताय? वहिनींचं काय?” शेजारच्या लेथवाल्याला मी एवढंच विचारलं, “तुमच्या गळ्यात माळ आहे. दर आषाढीला दिंडीतनं नंदवाळला चालत जाता. म्हणून प्रपंच सोडलात का?” त्याला लगेच कळलं. माळ घातली की माणूस घरातच राहतो, फक्त जगण्याला शिस्त लागते. आमचंही तसंच आहे. झगा नाही, मठ नाही. गळ्यात ‘टाउ’ नावाचा, टी अक्षरासारखा लाकडी क्रूस. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, जमेल तेव्हा मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), महिन्यातून एकदा संघाची बैठक. बाकी आपलं काम, आपली माणसं.

फ्रान्सिसच्या मागे आधी त्याचे बंधू आले, मग क्लारा आणि तिच्या भगिनी, आणि मग घरदार असलेली माणसं येऊन विचारू लागली की आम्ही काय करायचं? त्यांच्यासाठी १२२१ मध्ये जीवनक्रम लिहून काढला गेला. पोप निकोलस चौथे यांनी १२८९ मध्ये नियमावली दिली. आम्ही आज जी पाळतो ती पोप पॉल सहावे यांनी २४ जून १९७८ ला मंजूर केली. तिच्यात सव्वीस कलमं आहेत, एका बैठकीत वाचून होतात. चौथ्या कलमात सगळा गाभा आहे : शुभवर्तमानातून जीवनाकडे यायचं आणि जीवनातून पुन्हा शुभवर्तमानाकडे जायचं.

वाचून होतात म्हटलं, पण अकराव्या कलमाशी मी महिनाभर अडलो. गरजा कमी करा, जे हातात आहे त्याचे आपण राखणदार आहोत हे ओळखा, असा त्याचा भाव. माझ्याकडे दोन कारागीर आहेत. पार्टीचं पेमेंट आलं नाही की त्यांचा शनिवारचा पगार मी सोमवारवर ढकलायचो. सगळेच ढकलतात. ते कलम वाचल्यापासून शनिवारी सहाच्या आत पगार हातात देतो, माझ्या घरी काही येवो न येवो. एप्रिलमध्ये त्यासाठी बँकेतली एक ठेव मोडली. मला त्याचा अभिमान वाटतो आणि ते मी लपवत नाही.

प्रवेशाची पद्धत साधी आहे. आधी ओळखीचा काळ, मग किमान एक वर्षाचं प्रशिक्षण, मग वचन. घ्यायचं की नाही ते स्थानिक संघाचं मंडळ ठरवतं. हे सगळं माझं सुरळीत झालं. ऑक्टोबर २०२३ ला प्रशिक्षणात घेतलं आणि मार्च २०२४ ला कागदपत्रांची यादी दिली. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार), लग्न. दृढीकरणाचा कागद आठवड्यात आला.

आता तो दाखला.

माझा जन्म नगर जिल्ह्यातला, १९७१ चा. वडील साखर कारखान्यात होते, नंतर बदलून इकडे आले. बाप्तिस्मा गावाकडच्या धर्मग्रामात, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीत, झाला. त्या ऑफिसला मार्चमध्ये स्पीड पोस्टने अर्ज पाठवला. महिना गेला तरी उत्तर नाही. फोन केला तर, “दहा ते बारामध्ये करा.” दहा ते बारामध्ये केला तर फोन कोणी उचलेना. एप्रिलच्या शेवटी एकदाचा उचलला. पलीकडून उत्तर आलं, “या नावाची नोंद नाही.” मी जन्मतारीख पुन्हा सांगितली. “काका, नाही म्हणजे नाही,” आणि फोन ठेवला.

नोंद नाही! त्या रात्री मी जेवलो नाही. बायको म्हणाली, चर्चला कागद नसेल तर देवाला तुम्ही माहीत नाही का? ते खरं होतं, पण मला ते ऐकायचं नव्हतं. मला माझं नाव त्या वहीत हवं होतं.

दोन चुका होत होत्या, आणि दोन्ही मला कोणी सांगितल्या नाहीत. पहिली म्हणजे बाप्तिस्म्याची वही जन्मतारखेने लावलेली नसते, बाप्तिस्म्याच्या तारखेने असते. माझा जन्म ऑगस्टचा आणि बाप्तिस्मा नाताळानंतरचा, म्हणजे पुढच्या वर्षाच्या पानांत. आईला हे पक्कं आठवत होतं, कारण थंडीत मला गुंडाळायला मावशीने शाल आणली होती. म्हणून घरातल्या थोरल्या माणसांना आधी विचारा, कॅलेंडर नंतर. दुसरी चूक नावाची. शाळेत, आधारवर, सगळीकडे मी विलास. बाप्तिस्म्याला मात्र नाव ठेवलं होतं लूकस. घरात ते कोणी कधी वापरलंच नाही.

हे सगळं लिहून दुसरा अर्ज पाठवला. जून गेला. जुलैत स्वतः जायचं ठरवलं, तर त्याच आठवड्यात पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली. गाळ्यातला माल वर चढवण्यात ते दिवस गेले. अखेर ऑगस्टमध्ये महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. मध्यरात्र उलटल्यावर उतरलो, स्टेशनच्या बाकावर सकाळ केली आणि दहाला खिडकीसमोर उभा राहिलो. अकराला खिडकी उघडली.

वही निघाली. मोठी, कापडी पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेली. नोंद आठ मिनिटांत सापडली. आठ मिनिटं! मी घड्याळाकडे बघत होतो. ओळीत क्रमांक, तारीख, ‘लूकस’, माझ्या वडिलांचं नाव, आईचं नाव, धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याला माझ्यासाठी उभं राहिलेल्या माणसाचं) नाव, आणि शेवटी फादरांची तिरकी सही. निळ्या शाईचा रंग तपकिरी झालेला. आईच्या नावावरून बोट फिरवावंसं वाटलं, पण वहीला हात लावू देत नव्हते.

“चला, दाखला द्या,” मी म्हणालो.

त्या माणसाने समासाकडे बोट दाखवलं. समास कोरा होता. “तुमचं लग्न झालंय म्हणता. इथे तर नोंद नाही. या वहीप्रमाणे तुम्ही अविवाहित आहात.”

सव्वीस वर्षांचा संसार, दोन मुलं, आणि वहीप्रमाणे मी अविवाहित. नियम असा की लग्न जिथे लागतं त्या धर्मग्रामाने बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवायचं आणि तिथे समासात नोंद करायची. १९९८ मध्ये ते कोणी कळवलंच नव्हतं. चूक माझी नव्हती. पण रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला ते सरळ सांगायला काय हरकत होती? “पत्र आणा, मग बघू,” असं म्हणून खिडकी बंद झाली. पावणेबारा वाजले होते.

बाहेर कडुलिंबाखाली मी बराच वेळ बसलो. नियमावलीचं तेरावं कलम मला पाठ होतं : प्रत्येक माणसाला प्रभूची देणगी म्हणून, ख्रिस्ताची प्रतिमा म्हणून, नम्रपणे आणि सौजन्याने स्वीकारायचं. कोल्हापुरात बैठकीत ते वाचताना माझा आवाज भरून आला होता. त्या खिडकीसमोर मला ते जमलं नाही. मी आवाज चढवला. ते इथे लिहून ठेवतो, कारण वचनाआधी पापनिवेदनात हेच सांगितलं.

मग सासरवाडीच्या धर्मग्रामाकडे पत्र. तिथले फादर तपसाधनेला गेलेले, तीन आठवडे. आले तेव्हा त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहून पाठवलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पत्रात नवऱ्याचं नाव विलास. गावाकडच्या ऑफिसने विचारलं, लूकस आणि विलास एकच कशावरून? नोटरीचं प्रतिज्ञापत्र केलं, पाठवलं. “हे आम्हाला चालत नाही.” मग काय चालतं? उत्तर नाही. तोवर सप्टेंबर संपत आला. ताईंनी हळूच सांगितलं, “दादा, चार तारखेला नको घेऊया आता.”

ते वर्ष इटलीतल्या ला व्हेर्ना डोंगरावर फ्रान्सिसच्या अंगावर ख्रिस्ताचे घाव उमटल्याचं आठशेवं वर्ष होतं. १२२४ चा सप्टेंबर. आमच्या संघाने त्यासाठी विशेष प्रार्थना ठेवली होती. सगळ्यांच्या मध्ये मी गुडघे टेकून बसलो होतो आणि डोक्यात तो कोरा समास. दुसऱ्या दिवशी संघातल्या दोघांबरोबर शेंडा पार्कच्या बाजूला गेलो. तिथे कुष्ठरोगातून बरी झालेली एक आजी राहते. महिन्यातून एकदा आम्ही तिच्याकडे जातो. फ्रान्सिसने आपल्या मृत्युपत्रात लिहिलंय की कुष्ठरोग्यांना बघणंही त्याला कडू वाटायचं, प्रभूनेच त्याला त्यांच्यात नेलं आणि ते कडू गोड झालं. आजीने बोटं नसलेल्या हाताने चहाचा कप पुढे सरकवला आणि विचारलं, “कागद मिळाला का रं?” मागच्या वेळी मी तिला सांगितलं होतं ते तिच्या लक्षात होतं. “न्हाई मिळाला तर ये हितंच, मी लिवून देते तू कोण हाईस त्ये.” मी चहा प्यायलो. चहा फार गोड होता. ती साखर हात सोडून घालते.

तिच्या त्या बोलण्यातून मला धर्मपित्याची आठवण झाली. मी कोण ते सांगणारा माणूस त्या ओळीतच लिहिलेला होता! ते हयात आहेत का, याचीही खात्री नव्हती. चुलतभावाला फोन केला. मामा, म्हणजे माझे धर्मपिता, हयात होते, ऐकू कमी येतं, पण स्मरण चोख. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा रेल्वेत बसलो. भाऊ त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. या वेळी मी खिडकीशी गेलोच नाही, सरळ फादरांना भेटलो. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तुम्ही तेच करा. नोंदीचा अधिकार धर्मगुरूंचा असतो, खिडकीचा नव्हे. मिस्सेनंतर सॅक्रिस्टीच्या, म्हणजे फादर जिथे उपासनेचे कपडे बदलतात त्या खोलीच्या, दाराशी थांबा.

फादरांनी मामांना विचारलं, “हा कोण?”

“हा? आमच्या मार्थाचा लूकस. विलास शाळेत झाला.”

फादरांनी माझ्या आईचं नाव वहीत पाहिलं, लग्नाच्या पत्रात पाहिलं. दोन्हीकडे तेच. त्यांनी पेन उघडलं आणि समासात सावकाश लिहिलं : तारीख, धर्मग्राम, पत्नीचं नाव. मग शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. मी ती ओळ वाळताना बघत उभा होतो. वीस मिनिटांत दाखला हातात आला. त्यावर शिक्का नीट उमटलाय का ते तिथेच तपासा, माझ्या पहिल्या प्रतीवर अर्धाच उमटला होता.

ताईंनी नवी तारीख निवडली १७ नोव्हेंबर, संत एलिझाबेथचा दिवस. हंगेरीची राजकन्या, तीन मुलांची आई, नवरा गेल्यावर मारबुर्गला दवाखाना उभारून रुग्णांची सेवा करणारी, चोविसाव्या वर्षी वारलेली. आमच्या ऑर्डरची ती आश्रयदाती. त्या दिवशी रविवारही आला होता. मिस्सेमध्ये मी वचन वाचलं तेव्हा माझा एक कारागीर मागच्या बाकावर होता. तो ख्रिस्ती नाही. शनिवारचा पगार घेऊन, दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

परवा चुलतभावाचा फोन आला. त्याची मुलगी एका व्रतस्थ संघात जाणार आहे. नोव्हिशिएटआधी, म्हणजे व्रतापूर्वीच्या प्रशिक्षणाआधी, तिलाही बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला लागणार, अविवाहित असल्याचा पुरावा लागणार. नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचं, मग काही वर्षांचं तात्पुरतं व्रत आणि पुढे आजन्म व्रत. त्या आजन्म व्रताची नोंदसुद्धा त्याच वहीच्या समासात होते. मी त्याला म्हटलं, खिडकीवर जाऊ नकोस. रविवारी मिस्सेला जा, फादरांना गाठ आणि मुलीला बरोबर घे. तिचं नाव वहीत काय लिहिलंय ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.