पानाची डावी बाजू

पान वाढायची आपली एक रीत आहे. आधी वरच्या अंगाला मधोमध मीठ, शेजारी लिंबाची फोड, मग डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड आणि उजवीकडे भाज्या. मीठ सगळ्यांत आधी वाढायचं, तेही चिमूटभर. कुणी त्याला बोट लावतं, कुणी लावत नाही. बरेचदा ते पानाबरोबर तसंच उचललं जातं. पण मीठ कमी करायचं म्हटलं की सगळ्यांचा डोळा नेमका त्या चिमटीवर. "मी वरून मीठ घेतच नाही हो," असं ताठ मानेनं सांगणाऱ्या माणसांना पापडाचा चुरा भातात कालवताना मी पुष्कळदा पाहिलं आहे.

वजन उतरवायचं ठरलं की आहारतज्ज्ञांकडून एक कागद मिळतो. त्यात तेल चमच्यांत मोजलेलं असतं, भात वाटीत, पोळ्या नगांवर. साखरेसमोर फुली. मीठ मात्र तळाशी कुठेतरी 'बेताचं' म्हणून. पाककृतींच्या पुस्तकांतही बाकी सगळं मापात आणि मीठ चवीनुसार! त्यातून मिठाला कॅलरी नाही. मग वजनाशी त्याचं काय देणंघेणं, असं कुणालाही वाटेल. आणि ते खरंही आहे, मिठानं चरबी वाढत नाही.

पण डाएटवरच्या माणसाचं ताट जरा नीट बघा. तूप गेलं, ओलं खोबरं गेलं, दाण्याचं कूट अर्ध्यावर आलं, आमटीतला गुळाचा खडा गेला, फोडणी नावापुरती उरली. जिभेला सुख देणाऱ्यांपैकी मीठ तेवढं मागे राहिलं, मग सगळा भार त्याच्यावरच. काकडीवर मीठ. ताकात मीठ. कलिंगडावर चाट मसाला. तळलेला पापड बंद म्हणून भाजलेले दोन. पाचच्या भुकेला भाजक्या पोह्यांचा 'डाएट चिवडा', रात्री पाकिटातलं सूप. कॅलरीच्या वहीत यातलं काही ठळकपणे दिसत नाही, त्यामुळे मनही स्वच्छ. माझं ठाम मत झालं आहे की आपल्याकडे डाएट सुरू झालं की माणसाचं मीठ कमी होत नाही, वाढतं. आणि खारट चव ही काही गप्प बसणारी चव नव्हे. खारे दाणे मूठभर खाऊन डबा बंद करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही पुरता भरलेला नाही. आपल्याकडच्या वेगवेगळ्या पाहण्यांत सरासरी निघते ती 8 ते 11 ग्रॅमांच्या दरम्यान. हा हिशेब घरात पडताळून बघायचा एक सोपा मार्ग आहे. चार माणसांचं घर, माणशी 5 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 20 ग्रॅम. एक किलोची पिशवी 50 दिवस पुरायला हवी. पिशवी फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. आमची पिशवी या परीक्षेत सपशेल नापास झाली. "त्यातलं गुळण्यांना जातं, भाजी धुवायला जातं, दृष्ट काढायला जातं," सासूबाईंनी पिशवीची बाजू घेतली. दृष्ट काढायला किती जातं ते मी विचारलं नाही. बाहेरचा पाव, फरसाण आणि विकतचं लोणचं तर या पिशवीत धरलेलंही नव्हतं.

पाकिटांवर मीठ मिठाच्या नावानं लिहिलेलं नसतं, सोडियम म्हणून असतं, मिलिग्रॅममध्ये. त्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. शिवाय आकडा बहुधा 100 ग्रॅमचा असतो आणि पाकीट भलत्याच वजनाचं, त्यामुळे दुकानातच त्रैराशिक मांडावं लागतं. इन्स्टंट नूडल्सच्या एका लहान पाकिटात साधारण दोन ग्रॅम किंवा जास्तच मीठ भरतं, म्हणजे दिवसाच्या वाट्यातलं जवळजवळ निम्मं. ब्रेडच्या दोन स्लाइस अर्धा ग्रॅम सहज खाऊन जातात, आणि ब्रेड तर कुणाला खारट लागतही नाही. उडदाचा एक मध्यम पापड म्हणजेही साधारण अर्धा ग्रॅम. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो आणि ढोकळ्यात, भज्यांत खाण्याचा सोडा. हे दोन्ही सोडियमचेच क्षार, फक्त जिभेला ते मीठ म्हणून कळत नाहीत.

या सगळ्याचा काट्याशी संबंध येतो तो असा. कैरीच्या फोडींना रात्री मीठ चोळून ठेवलं की सकाळी भांड्यात पाणी सुटलेलं असतं. मीठ जिथे, तिथे पाणी ओढलं जातं. आपल्या शरीरातही मीठ एकटं राहत नाही. दवाखान्यात लावतात त्या सलाइनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं, कारण रक्ताशी जुळणारं प्रमाण तेवढंच आहे. म्हणजे जास्तीचं साडेचार ग्रॅम मीठ अंगात राहिलं तर त्याच्या सोबतीला अर्धा लिटर पाणी राहणार. आपल्याला तहान लागते, आपण पाणी पितो, मूत्रपिंडं ते लगेच सोडत नाहीत आणि काटा अर्धा किलो वर सरकतो. बोटातली अंगठी घट्ट होते, मोज्यांच्या कडांचे वळ उठतात. एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं जास्तीचं मीठ काढून टाकतात आणि पाणीही त्याच्याबरोबर जातं.

आता हे ठाऊक नसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. आठवडाभर त्यानं जीव मुठीत धरून दुधीचं सूप प्यायलंय. रविवारी एक मिसळ, वर तर्री, वर फरसाण, दुपारी घरात आमरस-पुरी नको म्हणून साधं वरण-भात, पण जोडीला कुरडया आणि मिरगुंडं. सोमवारी सकाळी काट्यावर एक किलो जास्त. एक किलो चरबी साठायला साधारण 7,700 कॅलरी लागतात, म्हणजे रोजचं जेवण जेवून वर आणखी चार दिवसांचं जेवण त्याच दिवशी संपवावं लागेल. मिसळीत कितीही पाव बुडवले तरी ते होत नाही. बरंचसं ते पाणी असतं आणि थोडं अजून पोटातच असलेलं अन्न. पण तो माणूस हा हिशेब करत बसत नाही. "आपल्याच्यानं होणार नाही" म्हणतो आणि मंगळवारी वडापाव खातो. वडापाववर माझा राग नाही, कारणावर आहे.

उलट्या बाजूची फसवणूक तर आणखी गोड असते. डाएटच्या पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरतं. पोळी-भात कमी केल्यावर यकृतात आणि स्नायूंत साठलेला ग्लायकोजेन, म्हणजे शरीरानं राखून ठेवलेली साखर, खर्च होतो, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाळगून असतो. त्याच वेळी इन्शुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडं मीठही जास्त टाकतात. सात दिवसांत तीन किलोची जाहिरात करणारे हेच पाणी विकतात, आणि 'मीठ बंद करा' हा त्यांचा हुकमी पत्ता असतो. सोसायटीच्या जिन्यात भेटणाऱ्या एक बाई अशाच पूर्ण अळणी खायला लागल्या होत्या. उन्हाळ्याचे दिवस, सकाळचं चालणं, घाम आणि त्यात हे. चक्कर येऊन बसल्यावर डॉक्टरांनी त्यांना पहिल्यांदा काय प्यायला दिलं असेल ते सांगायला नको. नसा आणि स्नायू चालायला सोडियम लागतंच. रक्तदाबासाठी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसांनी तर मीठ आपल्या मनानं तोडूच नये.

सासूबाईंचं म्हणणं, "अळणी खाऊन कुणी बारीक होतं होय गं?" आणि ते बरोबरच आहे. मीठ कमी करण्याचा खरा उपयोग रक्तदाबाला. वजनापुरता म्हणाल तर काटा खरं बोलायला लागतो आणि पापडामागून जाणारा जास्तीचा भात वाचतो. माझ्या दृष्टीनं तोही कमी नाही.

गणपतीत नैवेद्याचा स्वयंपाक चव न बघता करतात. सासूबाईंचा हात इतका बसलेला की पंधरा माणसांच्या आमटीत मुठीनं मीठ टाकूनही कधी कमीजास्त होत नसे. पण तो हात खडेमिठावर बसलेला होता. खड्यांमध्ये पोकळी असते. तेवढ्याच मापाचं बारीक मीठ वजनाला जास्त भरतं. घराघरांत खडेमिठाची बरणी जाऊन पांढरं शुभ्र बारीक मीठ आलं, चमचा मात्र जुनाच राहिला. आम्ही डब्यातला चमचाच लहान केला. सुरुवातीला सगळं मचूळ लागलं, मुलानं "हॉस्पिटलचं जेवण" असं नाव ठेवलं. जीभ मात्र लवकर वळणावर येते, काही आठवडे लागतात. मग हॉटेलातली डाळ खारट लागू लागते आणि आपण उगाच शहाण्यासारखा चेहरा करतो.

याच काळात आंबटाची महती नव्यानं पटली. आमसूल, लिंबू, चिंच, आंबट ताक यांतलं काहीही पडलं की कमी मीठ खपून जातं. हिंग-जिऱ्याची खरपूस फोडणी, भाजलेल्या लसणीची चटणी, वरून कोथिंबीर ही मंडळीही मदतीला येतात. मीठ शिजताना घालण्याऐवजी शेवटी घातलं तर थोडक्यात जास्त जाणवतं. भाकरीत आमच्याकडे मीठ नसतंच, पोळीच्या कणकेतलंही काढून टाकलं. कुणाला पत्ताही लागला नाही. सोललेल्या काकडीवर मात्र मला काही सुचलं नाही. काकडीला मीठ लागतंच.

बाजारात गुलाबी सैंधव हा एक नवा देव झालाय. त्याचा रंग सुंदर आहे, ते पाकिस्तानातल्या खेवड्याच्या डोंगरातून येतं वगैरे सगळं ठीक. पण आहे ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, म्हणजे आपलं मीठच. 'हे चालतं' म्हणून दुप्पट घातलं तर सोडियमही जवळपास दुप्पटच जाणार, आणि आपल्या साध्या मिठात थायरॉइडसाठी घातलेलं आयोडीन त्यात असेलच असं नाही. कमी सोडियमचं मीठ हा त्यामानानं खरा पर्याय आहे. त्यात थोडं सोडियम काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, चवीला किंचित कडवट. जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 साली त्याची शिफारसही केली, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना, गरोदर बायकांना आणि मुलांना वगळून. आमच्याकडे सासऱ्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, वाढलेलं असल्यामुळे ते घरात आलंच नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.

तर सध्या आमच्याकडे तह झाला आहे. डाव्या बाजूला एका जेवणात एकच खारट पदार्थ. लोणचं असेल तर पापड नाही, पापड असेल तर लोणचं नाही, कोशिंबीर कितीही. रविवार वगळून, कारण रविवारी आमच्याकडे सगळी डावी बाजू लागते आणि त्यावर चर्चा होत नाही. सासूबाईंनी या तहात सांडगी मिरची खारट धरायची नाही अशी पोटकलमं घुसवायचा प्रयत्न चालवला आहे. आणि वजन मी बुधवारी करते. सोमवारी काट्यावर उभं राहण्यात काही अर्थ नाही.