१८७०-७१ ची युद्धपदकं : संग्रह आता बाडेनवर

संग्रहाची दिशा अखेर पक्की झाली. एकोणिसाव्या शतकातलं जे जर्मन पदक मिळेल ते घ्यायचं, हे आता थांबवलंय. यापुढे फक्त १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धाची पदकं, आणि त्यातही बाडेन या जर्मन राज्याच्या सैनिकांची. मी फ्रायबुर्गला राहतो. १८७६ साली खुद्द कैसर विल्हेल्म पहिला याच्या उपस्थितीत उभारलेलं विजयस्मारक इथे भर शहरात आहे, आणि ते ज्या चौदाव्या कोअरचं (अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या सैन्यदलाचं) आहे तिचीच माणसं मी शोधतोय.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडक्यात : हे पदक २० मे १८७१ रोजी सुरू झालं. लढणाऱ्यांना ब्राँझचं, न लढणाऱ्यांना पोलादाचं. ब्राँझ जिंकलेल्या फ्रेंच तोफांचं, आणि कडेवर तसं कोरलेलंही असतं : ‘आउस एरोबर्टेम गेशुट्झ’, म्हणजे जिंकलेल्या तोफेतून. पदक हातात आलं की मी आधी ही कडच बघतो. भिंग आणि तिरका उजेड पुरतो.

कडेवर सैनिकाचं नाव मात्र नसतं. आपल्याकडचे बरेच जण आर्मी ऑफ इंडिया मेडलपासून सुरुवात करतात. खडकी, कोरेगाव, असईच्या पट्ट्यांचं (फितीवर बसवलेल्या, लढाईचं नाव असलेल्या धातूच्या पट्ट्यांचं) ते पदक, आणि कडेवर माणसाचं नाव. त्या सवयीने जर्मन पदक हातात घेतलं की ते मुकं वाटतं. इथे माणसापर्यंत जायचं तर पदकासोबतचा कागद हवा, नाहीतर पट्ट्या हव्यात.

या पट्ट्यांवरच सध्या माझा सगळा जीव आहे. युद्धाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १८९५ मध्ये, कैसर विल्हेल्म दुसऱ्याने त्या सुरू केल्या. लढाया आणि वेढे धरून एकूण २५ : सेडान, वर्थ, ग्राव्हलॉट, मेट्झ, पॅरिस वगैरे. सेडानची पट्टी सगळ्यांनाच हवी असते. मला हवी होती ती ‘श्ट्रासबुर्ग’ आणि ‘आन डेर लिझेन’ ही जोडी, आणि ती आता मिळाली आहे. जनरल वेर्डरने श्ट्रासबुर्गला घातलेला वेढा सप्टेंबर १८७० अखेर संपला. मग १५ ते १७ जानेवारी १८७१ या कडाक्याच्या थंडीत त्याच्याच चौदाव्या कोअरने, बेलफोर्ट या फ्रेंच किल्ल्याचा वेढा उठवायला निघालेल्या फ्रेंच जनरल बुर्बाकीच्या फौजेला लिझेन नदीवर अडवलं. दोन्हीकडे बाडेनची डिव्हिजन होती. तरी जोडी दिसली की पदक बाडेनचं, असं मी म्हणणार नाही. त्या फौजेत प्रशियन रेजिमेंटही होत्या. पण शोध सुरू करायला याहून चांगला धागा नाही.

पट्टी फितीवर सरकवून बसवता येते, म्हणून आज कोणीही कुठलीही पट्टी चढवू शकतो. मी पट्टी किंचित सरकवून खालची फीत पाहतो. पट्टी शंभर वर्षं तिथेच असेल तर खालचा रंग गडद राहतो आणि भोवतालचा उडालेला असतो. मग अंधारात अतिनील दिवा. शिवणीचा दोरा निळसर पांढरा चमकला तर तो बहुधा अलीकडचा. माझ्या जोडीच्या दोन्ही पट्ट्यांखाली फीत गडद निघाली, दोरा चमकला नाही. फार बरं वाटलं.

हे पदक एकटं नाही, बारवर आहे, म्हणजे पदकं शेजारी शेजारी शिवलेल्या पट्टीवर. शेजारी १८९७ चं, विल्हेल्म पहिल्याच्या जन्मशताब्दीचं पदक. ते ४० मिमीचं, त्यापुढे २९ मिमीचं युद्धपदक लहानसं दिसतं. पण जुन्या सैनिकाने छातीवर जे मिरवलं ते याच क्रमाने, म्हणून शिवण मी उसवणार नाही. विक्रेते असे बार सुटे करून विकतात याचं मला फार वाईट वाटतं. एकदा सुटं झालं की ती दोन पदकं एकाच माणसाची होती हे पुन्हा कधीच सिद्ध करता येत नाही. ब्राँझ घासत नाही, पॉलिश तर नाहीच. मऊ कोरडा ब्रश, बस्स.

पुढचं लक्ष्य कागद : पाचव्या बाडेन इन्फन्ट्री रेजिमेंटच्या कुणाचंही प्रमाणपत्र. त्यावर ११३ हा क्रमांक दिसला तर बिचकू नका. बाडेनच्या रेजिमेंटना प्रशियन क्रमवारीतले आकडे १८७१ मध्ये मिळाले आणि प्रमाणपत्रं युद्ध संपल्यानंतरची आहेत, तेव्हा युद्ध १८७० चं असलं तरी आकडा बरोबरच आहे. कुणाकडे असेल तर बदल्यात १८६६ चा क्योनिगग्रेट्झच्या लढाईचा प्रशियन क्रॉस द्यायला तयार आहे, मूळ फितीसकट.