कॉमर्सवाली पोरगी नर्सिंगला कशी गेली: माझा अनुभव

बारावी कॉमर्सनंतर नर्सिंगला जाता येतं हे आमच्या भांडुपच्या चाळीत कोणाला माहीतच नव्हतं, मलापण नव्हतं, सगळे एकच सांगायचे की सायन्स लागतं. तर ते बीएस्सी नर्सिंगला लागतं, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी, 4 वर्षांचा कोर्स आणि वर सीईटी. जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीच्या डिप्लोमाला, कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्लिश विषय हवा आणि 40 टक्के हवेत, कोर्स 3 वर्षांचा. हे मला सांगितलं एका म्युनिसिपल हॉस्पिटलमधल्या सिस्टरने, आजी तिथे ॲडमिट होती तेव्हा.

आजीला अर्धांगवायू झालेला. डिस्चार्जच्या दिवशी त्या सिस्टरने मला जवळ बोलवून दाखवलं की दर 2 तासांनी कुशीवर कसं वळवायचं, पाठीला उशीचा टेकू कसा द्यायचा, माकडहाडाजवळ आणि टाचेला कातडी लाल झालीय का ते रोज बघायचं, बोटाने दाबून सोडल्यावर पण लाली तशीच राहिली तर समजायचं जखम व्हायला सुरुवात झालीय, आणि तिथे तेल लावून अजिबात चोळायचं नाही. आमच्याकडे तर काहीही झालं की आधी तेलाची बाटलीच निघते! मी ते सगळं करत राहिले आणि मला ते आवडायला लागलं, शेजारच्या काकू म्हणायच्या किती सेवा करते गं पोरगी, ते ऐकून पण बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पप्पांना मात्र पसंत नव्हतं, नाईट ड्युटी, लोकांची शी-शू, बँकेच्या परीक्षा दे म्हणाले. आईने कसं पटवलं ते आईलाच माहीत.

माझ्या वेळी बारावीच्या मार्कांवर मेरिट लागायचं, आता काय पद्धत आहे ते त्या वर्षीची नोटीस बघूनच ठरवा. कागदपत्रं मात्र तीच, लीव्हिंग, डोमिसाईल, कास्ट, नॉन क्रिमीलेअर, मेडिकल फिटनेस. रिझल्टनंतर सेतूमध्ये ही गर्दी असते, म्हणून आधीच काढून ठेवा.

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं नर्सिंगला का आलात, तर एकजात सगळ्या पोरी म्हणाल्या सेवा करायची आहे. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या छान, मग आधी बेड करायला शिका. आणि खरंच आम्ही किती दिवस नुसते बेडच करत होतो, चादरीला एक सुरकुती राहिली तरी परत काढून पहिल्यापासून. तेव्हा वैताग यायचा, पण चादरीची सुरकुतीसुद्धा पडून असलेल्या पेशंटच्या पाठीला काचते हे कळल्यावर आजी आठवली. ॲनाटॉमीने मात्र रडवलं, सगळं इंग्लिशमध्ये, डेबिट क्रेडिट करणारी मी आणि समोर फिमर टिबिया फिब्युला. हॉस्टेलला रूममेट सायन्सची होती म्हणून निभावलं, ती मला शिकवायची आणि मी तिचे कपडे धुवायचे, असा व्यवहार होता.

खरा धक्का पहिल्या पोस्टिंगला, मेल मेडिसिन वॉर्ड, बेड फुल आणि खाली जमिनीवर पण पेशंट. एक रत्नागिरीचे आजोबा होते, एकटेच, त्यांना बोलायला कोणीतरी हवं असायचं, मी त्यांच्याजवळ बसून गप्पा मारत होते, मला वाटलं हीच तर सेवा. इन्चार्ज सिस्टर आल्या, ओरडल्या नाहीत, म्हणाल्या, "ऐक ना त्यांचं, पण हाताने बीपी घे." तेव्हापासून माझे कान आणि हात वेगवेगळी कामं करायला शिकले. औषध देताना पेशंट, औषध, डोस, देण्याचा मार्ग, वेळ, पाचही बघायचं, आणि "तुम्ही पाटील ना?" असं कधीच विचारायचं नाही, त्यांनाच नाव सांगायला लावायचं, कारण गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. आणि दिलं की लगेच लिहायचं. लिहिलं नाही म्हणजे केलं नाही, हे वाक्य 3 वर्षं इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत पण म्हणेन.

परळच्या केईएम हॉस्पिटलमधल्या सिस्टर लोकांनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांना 1973 पासून 2015 पर्यंत सांभाळलं हे मुंबईत सगळ्यांना माहीत असतं, लोक त्यातली माया बघतात, ती होतीच. पण इतकी वर्षं पडून असलेल्या माणसाला बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ द्यायची नाही म्हणजे काय, ते मला वॉर्डमध्ये काम केल्यावर कळलं. प्रत्येक शिफ्टला कोणीतरी वळवलंय, पुसलंय, भरवलंय, पुढच्या शिफ्टला हँडओव्हर दिलाय, स्वतःच्या घरी भांडण झालेलं असेल त्या दिवशी पण. सुप्रीम कोर्टाने त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या 2011 च्या निकालात त्या नर्सेसचं कौतुक केलं ते उगाच नाही.

मिडवाइफरीबद्दल, म्हणजे बाळंतपणाच्या कामाबद्दल, लिहायला बसले तर संपणार नाही. एवढंच सांगते, लेबर रूममध्ये बाईने माझा हात असा धरला होता की नखांचे व्रण राहिले, शिव्या पण घातल्या, आणि बाळ रडल्यावर मलाच म्हणाली नाव तुम्हीच ठेवा.

पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन केल्याशिवाय नोकरी धरू नका, बिनारजिस्ट्रेशन कमी पगारात ठेवून घेणारी ठिकाणं भेटतात, तिकडे जाऊ नका. मी आता आयसीयूला आहे. पुढे जीएनएमनंतरचं 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करायचंय, पप्पा स्वतःच फॉर्म कधी सुटणार विचारतायत, बँकेचा विषय त्यांनी परत काढलेला नाही.