कडब्याची गाडी

आमची आयशर ट्रक उन्हाळ्यात फक्त कडबाच मारते, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांचा जनावरांचा चारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगळवेढ्याकडं मालदांडी ज्वारी काढून झाली की कडब्याचे सौदे सुरू होतात, भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांचे इतके, आणि पेंढी केवढी बांधलीय ते आधी स्वतः उचलून बघायचं, नाहीतर मनगटाएवढी पेंढी गळ्यात मारतात.

लोकांना वाटतं हलका माल, मजा आहे. अहो हलका आहे तीच तर बोंब आहे! गाडी वजनानं भरतच नाही, जागेनं भरते, टनावर भाडं घेतलं तर डिझेलसुद्धा निघत नाही म्हणून आम्ही ट्रिपवरच बोलतो. मग पार्टी म्हणते अजून दोन थर चढवा, आणि तिथंच घोळ होतो. माल बाहेर आला की आरटीओची पावती, ते एक परवडलं, पण खरी भीती गावातल्या लोंबकळणाऱ्या तारांची. मागच्या वर्षी सांगोल्याच्या पुढं एका वस्तीवर वरच्या थराला तार घासली, ठिणगी पडली, नशीब क्लीनर मागंच बघत होता, त्यानं दोन पेंढ्या ओढून खाली फेकल्या आणि मातीत विझवल्या. त्या दिवसापासून गाडीत तारा वर उचलायला बांबू आणि पाण्याचे दोन कॅन कायम असतात, आणि कडब्यावर बसून बिडी ओढणारा हमाल दिसला की मी सरळ खाली उतरवतो, मग तो रुसला तरी चालेल.

परतीला रिकामं यायचं नाही म्हणून सांगलीतून पेंडीची, म्हणजे जनावरांच्या खुराकाची, पोती मिळतात का बघतो. कधी मिळतात, कधी नाही.