स्कुतारीच्या मोऱ्या

तुर्कस्तानला दहा दिवस जाऊन आले, आणि लिहायला बसल्यावर त्यातल्या साडेनऊ दिवसांचं काही सुचतच नाही. निळी मशीद पाहिली, पामुक्कलेच्या पांढऱ्या पाण्यात पाय बुडवले, ग्रँड बझारात दोनदा वाट चुकले. त्याचे फोटो सगळ्यांकडेच असतात. मला उरलेल्या अर्ध्या दिवसाबद्दल बोलायचंय.

मी निवृत्त नर्स. तेहतीस वर्षं सिव्हिलमध्ये काढली. बरोबर माझी ट्रेनिंगपासूनची बॅचमेट होती. आम्ही एकमेकींना अजूनही 'सिस्टर' म्हणतो, नावानं हाक मारली तर ओ द्यायला वेळ लागतो. तिची एक खोड आहे. हॉटेलच्या खोलीत शिरली की पहिल्यांदा बाथरूममध्ये जाऊन मोरीच्या जाळीचा वास घेते. मग बॅगेतून घरचा निळा प्लास्टिकचा मग काढते, जाळीत पाणी ओतते, आणि त्यानंतरच चपला काढते. कोरडी पडलेली जाळी म्हणजे उघडं गटार, असं तिचं म्हणणं. आमच्या ग्रुपला याचं फार हसू यायचं.

तर तिसऱ्या दिवशी बॉस्फरसमध्ये बोटीची फेरी होती. गाईडनं माइकवरून सांगितलं, "समोर चार मनोऱ्यांची मोठी इमारत दिसतेय ना, ती सेलिमिये बराक. फ्लॉरेन्स नाइटिंगेल इथेच होत्या, लेडी विथ द लॅम्प. आता डावीकडे या, कन्याबुरुजाचा फोटो मस्त येतो." झालं! सगळी बोट डावीकडे कलली. आम्ही दोघीच उजवीकडे कठड्याला धरून उभ्या. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या धड्यातलं ते स्कुतारी, म्हणजे ही बराक असलेल्या भागाचं जुनं नाव, परीक्षेला पाठ केलेलं, आणि त्याची दहा सेकंदांत बोळवण. म्हणजे कन्याबुरूज सुंदर आहे, नाही असं नाही. पण राग यायचा तो आलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'शॉपिंगसाठी मोकळा वेळ' होता. चामड्याची जॅकेटं इतरांसाठी सोडून आम्ही सिर्केजीहून हरेमची गाडीबोट पकडली. खाली ट्रक, वर माणसं. चिमणीच्या काचेसारख्या निमुळत्या पेल्यात काळा चहा मिळतो, दूध मागायचं नाही. सीगल पक्षी बोटीबरोबर उडत असतात आणि लोक त्यांना सिमीटचे, म्हणजे तीळ लावलेल्या गोल पावाचे तुकडे भरवतात. आपल्याकडे एसटी स्टँडवरच्या कावळ्यांचा कोणी इतका लाड करत नाही.

हरेमला उतरून चढ चढून गेलो, आणि फाटकावरच थांबलो. इथे कबुली द्यायला हवी. ही इमारत आजही तुर्की लष्कराच्या ताब्यात आहे, पहिल्या आर्मीचं मुख्यालय. नाइटिंगेलचं संग्रहालय आत एका कोपऱ्यातल्या मनोऱ्यात आहे. त्यासाठी पासपोर्टची प्रत जोडून आधी अर्ज करावा लागतो. हे मला निघायच्या महिनाभर आधी माहीत होतं. मुलाला म्हटलं अर्ज लिहून दे, तो म्हणाला उद्या, मीही म्हटलं उद्या. विमानात बसल्यावर आठवण झाली. आयुष्यभर ड्यूटी-बुकात वेळेवर सही केली आणि जिथे करायची तिथे हे असं.

फाटकावर वीस-बावीस वर्षांचा पोरगा, खांद्याला बंदूक. त्याला इंग्रजी येत नव्हतं. बॅचमेटनं मोबाइलमध्ये बघून ठेवलेला एकच तुर्की शब्द होता, हेमशिरे. आधी स्वतःच्या, मग माझ्या छातीवर बोट ठेवून ती म्हणाली, "हेमशिरे. हेमशिरे." म्हणजे नर्स. जुना अर्थ बहीण. आपल्या जुन्या उर्दू नाटकी संवादांत 'हमशीरा' येतं ना, तोच शब्द. त्यांचीही नर्स बहीणच. पोरगा हसला, हात छातीवर ठेवून मान झुकवली, आणि मग तोच हात आडवा हलवला. नाही म्हणजे नाही. मला ते आवडलं, खरं सांगते. आमच्या वॉर्डात भेटीची वेळ संपल्यावर मीही असंच करायचे, फक्त मान झुकवत नसे.

मग बाहेरूनच भिंतीच्या कडेकडेनं चाललो. भिंत संपता संपत नाही. खिडक्यांच्या रांगाच रांगा. १८५४ च्या नोव्हेंबरात इथे ३८ बायका घेऊन नाइटिंगेल उतरली, तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. त्या ३८ जणींत दहा कॅथलिक नन, काही अँग्लिकन सिस्टर, आणि चौदा इस्पितळात काम केलेल्या पगारी नर्सा होत्या. इंग्रजांची रशियाशी लढाई क्रायमियात, काळ्या समुद्रापलीकडे, आणि इस्पितळ इकडे, याच बराकीत. जखमी आणि आजारी गलबतानं यायचे. या बायकांना मिळालेल्या खोल्यांपैकी एकीत एका रशियन अधिकाऱ्याचं प्रेत तसंच पडलेलं होतं. डॉक्टरांनी सुरुवातीला त्यांना वॉर्डात येऊच दिलं नाही. मग बसून पट्ट्या शिवल्या, उशा भरल्या. इंकरमनच्या लढाईनंतर माणसं लोटली, तेव्हा बोलावणं आलं. आमच्यात याला म्हणतात 'डॉक्टरांचा मूड'.

नाइटिंगेलनं लंडनच्या एका डॉक्टरला लिहिलेल्या पत्रात आहे, चार मैल लांब खाटांच्या रांगा, आणि दोन खाटांत १८ इंचसुद्धा अंतर नाही. अठरा इंच म्हणजे बरोबर एक हात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. बॅचमेटनं रस्त्यातच हात आडवा धरून दाखवला. "यात सलाइनचा स्टँड कुठं बसेल?" लेप्टोच्या पावसाळ्यात आमच्याकडे फ्लोअर बेड पडायचे तेव्हा आम्ही दोन गाद्यांमधून आडव्या पायानं चालायचो, खेकड्यासारख्या. तेही एका हातापेक्षा जास्त होतं.

त्याच पत्रातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. तिच्याबरोबर आलेली एक नर्स तक्रार घेऊन आली. काय वाटेल ते सोसायची तयारी करून आलेय बाईसाहेब, पण ही टोपी! एखादी टोपी एखाद्या चेहऱ्याला शोभते, एखादी नाही. टोपीचं आधी ठाऊक असतं तर स्कुतारीला आलेच नसते. करडा अंगरखा, वर खांद्यावरून पट्टा, त्यावर लाल दोऱ्यानं 'स्कुतारी हॉस्पिटल' असं भरलेलं, आणि ही टोपी. आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या राहून हसलो. आमच्या कॅपिंगच्या, म्हणजे नर्सची टोपी मिळण्याच्या दिवशी बॅचमेटची टोपी खळ जास्त होऊन कुकरच्या झाकणासारखी झाली होती. शपथ घेताना हातात मेणबत्ती, मेण मनगटावर गळतंय, आणि टोपी हळूहळू डाव्या कानाकडे.

आणि त्या दिव्याचं सांगायचं तर तो आमच्या बॅजवर असतो तसा अल्लादीनचा दिवा नव्हताच. तुर्की 'फानूस' होता, घडी घालता येणारा, आत मेणबत्ती असलेला कंदील. आपल्या घडीच्या आकाशकंदिलासारखा. वर्तमानपत्रात चित्र छापून आलं, कविता झाली, आणि बाई दिव्याची झाली.

माझा राग खरं म्हणजे या दिव्यावर आहे. कारण बाई आल्या, कंदील घेऊन रात्री फिरल्या आणि माणसं वाचायला लागली, असं झालंच नाही. आल्यानंतरचा हिवाळा सर्वांत वाईट गेला. १८५५ च्या फेब्रुवारीत इथे दाखल होणाऱ्या शंभरातले ४२ मरत होते. गोळी लागून नव्हे, जुलाब, आव, कॉलरा, टायफस यांनी. ही अख्खी इमारत तुंबलेल्या मैल्यावर उभी होती. संडास भरून वाहत, वारा आला की नळांतून घाण हवा वॉर्डात शिरत असे. मार्चमध्ये लंडनहून सॅनिटरी कमिशन, म्हणजे स्वच्छता तपासणारी सरकारी समिती आली. त्यांनी पाचशेच्या वर हातगाड्या घाण उपसली, पाण्याच्या वाटेत सडत पडलेला घोडा काढला, गटारं धुतली, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत शंभरातले ४२ चे दोनवर आले. तेही एकट्या गटारांमुळे असं नाही, गर्दी कमी झाली, हवा बदलली. पण कोणत्याही वॉर्ड-सिस्टरला विचारा, ती आधी संडासाकडे बोट दाखवेल.

तिचं मोठेपण मला इथे दिसतं. परत गेल्यावर तिनं विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाबरोबर बसून हे मृत्यूचे आकडे मांडले, १८५८ साली त्यांच्या पाकळ्या-पाकळ्यांच्या आकृत्या छापल्या, आणि पुढची पन्नास वर्षं, त्यातली कितीतरी अंथरुणावरून, सरकारच्या मागे गटारांसाठी लागली. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही, पण इथल्या छावण्यांतलं पाणी कुठून येतं आणि मैला कुठे जातो याची माहिती मागवून १८६३ च्या रॉयल कमिशनच्या अहवालात तिनं त्यावर लिहिलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. यातलं आम्हाला ट्रेनिंगला काही शिकवलं नाही. दिवा शिकवला.

तिच्याशी न पटलेल्याही होत्या. बेत्सी कॅडवालेडर नावाची वेल्श बाई, वय पासष्ट, डिसेंबरच्या दुसऱ्या तुकडीतून आली, नाइटिंगेलशी खटकलं तशी सरळ पुढे क्रायमियातल्या बालाक्लाव्हा बंदराला गेली आणि तिथे स्वयंपाकघर सांभाळलं. जमैकाची मेरी सीकोल हिला तर नर्स म्हणून यायला लंडनमध्ये नकारच मिळाला होता. ती स्वतःच्या पैशानं आली, वाटेत एक रात्र याच इमारतीत धुणाऱ्या बायकांच्या खोलीत झोपली, आणि पुढे बालाक्लाव्हाजवळ सैनिकांसाठी स्वतःचं हॉटेल उघडलं. बेत्सी तर पासष्टाव्या वर्षी युद्धावर! आणि आम्ही चढ चढून दमलो म्हणून दोनदा बसलो.

तिथून खाली हैदरपाशाची दफनभूमी आहे. मोठ्या इस्पितळाच्या बाजूच्या गल्लीतून आत गेलं की एकदम गवत आणि झाडं, पलीकडे बंदराच्या क्रेन. क्रायमियाच्या युद्धातले सुमारे सहा हजार सैनिक इथे पुरलेले, बहुतेकांची नावंच नाहीत. मधोमध एक उंच दगडी खांब, चार कोपऱ्यांत चार देवदूत. त्यावर १९५४ साली नाइटिंगेलच्या नावाची एक पाटी बसवलेली. आम्ही तिचा फोटो काढला. मनात विशेष काही आलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

पुढे नव्या, एकसारख्या पांढऱ्या दगडांच्या रांगा होत्या, महायुद्धांतल्या. तिकडे बॅचमेट गेली आणि तिनं हाक मारली, "सिस्टर, इकडे या." वॉर्डात पेशंट गेला की मारायची तशी, हळू आवाजात. तिथे हिंदुस्थानी फौजेतल्या १२२ जवानांचं स्मारक आहे. १९१९-२० साली, म्हणजे महायुद्ध संपल्यावर, ते या शहरात मेले. त्यांच्या मूळच्या जागा पुढे सांभाळता येईनात, म्हणून १९६१ साली त्यांना इथे आणलं. मुसलमान जवानांचे अवशेष पुन्हा पुरले, आणि हिंदूंची जपून ठेवलेली राख याच गवतावर पसरली. इतकी वर्षं कोणीतरी ती राख वेगळी सांभाळली होती.

आम्ही काही बोललो नाही. मला आठवत होत्या बेवारस बॉडीज. पायाच्या अंगठ्याला बांधायचं लेबल, त्यावर 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय', आणि शेवटची अंघोळ. ती करताना दाराला पडदा लावायचा, असं आम्हाला शिकवलेलं, बघणारं कोणी नसलं तरी. बॅचमेट खाली बसली. दगडावर सुकलेली पाइनची पानं पडली होती, ती एकेक उचलून तिनं मूठभर केली, टाकायला डस्टबिन शोधला, सापडला नाही, तेव्हा पर्समध्येच ठेवली. मग बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. पाणी गवतावर पडलं. ते मुद्दाम होतं की नाही, मी विचारलं नाही.

त्यात परतीची बोट चुकली. बस आमच्यासाठी चाळीस मिनिटं थांबली होती. उशिरा येणाऱ्यानं माइकवर गाणं म्हणायचं, हा ग्रुपचा नियम. आम्हाला गाणं येईना, तर आम्ही गणपतीची आरती म्हटली. सगळी बस टाळ्या वाजवत सामील झाली, मागून कोणीतरी "मोरया" म्हणालं. कोणी विचारलं, काय काय घेतलंत? बॅचमेट म्हणाली, काही नाही हो, फिरलो जरा.

त्या रात्री हॉटेल बदललं. नवी खोली, नवी चावी, जाळीतून मंद वास. ती निळा मग घेऊन बाथरूममध्ये गेली. मी म्हटलं, "सिस्टर, दोन मग ओता."

कप्पाडोकियाचे बलून वाऱ्यामुळे रद्द झाले.